जानेवारीत नर्मदेच्या काठाने सात दिवस, मध्ये महेश्वरला मुक्काम : ठाण्याहून निघण्याआधी काय काय ठरवावं?

पाचपाखाडीकर

नमस्कार मंडळी. आम्ही तिघं आहोत. मी (५२), बायको (४८) आणि नेरूळचा मेव्हणा (४४). पूर्ण नर्मदा परिक्रमेएवढी सुट्टी कुणालाच मिळणार नाही, म्हणून दोन शनिवार-रविवार जोडून नऊ दिवस काढलेत. जाण्यायेण्याचे दोन वजा करून सात दिवस प्रत्यक्ष चालायचं, असा बेत आहे.

कच्चा आराखडा असा : रेल्वेने खंडवा, तिथून ओंकारेश्वर. ओंकारेश्वरहून दक्षिण तटाने पश्चिमेकडे, म्हणजे परिक्रमेच्या रीतीप्रमाणे मैया उजव्या हाताला ठेवून चालायचं. महेश्वरला दोन रात्री राहायचं, घाट, राजवाडा, हातमाग नीट पाहायचं आणि परत. तंबू न्यायचा नाही, आश्रम-धर्मशाळेत राहायचं.

प्रश्न :
दिवसाला किती किलोमीटर धरावेत? नकाशावरचं अंतर आणि काठाने पडणारं अंतर यात किती फरक पडतो?
बूट, बॅग, पांघरूण यांचा हिशोब कसा करावा? स्टोव्ह न्यावा का?
ठाणे-नवी मुंबईत सराव कुठे आणि कसा करावा?
फक्त एवढाच तुकडा चालणाऱ्याला परिक्रमेचे नियम कितपत लागू होतात?

---

मैयाकिनारी_कोपरी

नमस्कार. सगळ्यात आधी तट बदला, कारण महेश्वर उत्तर तटावर आहे. दक्षिण तटाने चालत आलात तर समोर शालिवाहन आश्रमाच्या बाजूला पोचाल. तिथून अहिल्या घाट, किल्ल्याची भिंत, सगळं डोळ्यांसमोर दिसेल आणि मध्ये नदी असेल. परिक्रमेच्या भावनेने चालणारा नर्मदा ओलांडत नाही. मग एकतर नियम मोडायचा, नाहीतर महेश्वर सोडायचं. म्हणून मुक्कामाचं शहर आधी ठरवा आणि ते ज्या तटावर असेल तोच तट धरा.

उत्तर तटावर मैया उजव्या हाताला ठेवायची तर तोंड पूर्वेला, म्हणजे प्रवाहाच्या उलट चालावं लागतं. त्यामुळे तुमची सुरुवात ओंकारेश्वरला न होता पश्चिमेला खलघाटला होईल. ठाणेकरांना हे उलट सोयीचं आहे. खलघाट आपल्या आग्रा रोडवरच आहे. माजिवड्याहून इंदूरला जाणारी रात्रीची बस नाशिक, धुळे, सेंधवा करत नर्मदेचा पूल ओलांडते आणि पूल संपला की खलघाट. अंतर साधारण पावणेपाचशे किलोमीटर. खंडव्याची गाडी, तिथून दुसरी बस, ही सगळी उलाढाल वाचते. मेव्हण्यांनी नेरूळहून ट्रान्स-हार्बरने ठाण्याला यावं.

खलघाटच्याही पश्चिमेहून सुरुवात करू नका. त्या बाजूला धरमपुरीकडे सरदार सरोवराचा फुगवटा येतो. धरणाची पूर्ण पातळी १३८.६८ मीटर आहे. पावसाळ्यानंतर पाणी भरलेलं असलं की जुनी काठाची वाट पाण्याखाली जाते आणि पाणी उतरतं तिथे घोट्याएवढा गाळ राहतो. वरून कोरडा दिसतो, पाय टाकला की खचतो.

टप्पे असे धरा. अंतरं काठाने, ढोबळ :

पहिला दिवस, खलघाट ते जलकोटी, १४-१५ किमी. जलकोटीला सहस्रधारा आहे, काळ्या कातळातून नर्मदा असंख्य धारांनी फुटते. तिथे आश्रमात जागा विचारायची. नाहीच मिळाली तर महेश्वर आणखी पाच-सहा किलोमीटर, दिवस मोडत नाही.
दुसरा दिवस, जलकोटी ते महेश्वर. सकाळी अकराच्या आत पोचता.
तिसरा दिवस पूर्ण महेश्वर.
चौथा, महेश्वर ते मंडलेश्वर ते जलूद, १२-१३ किमी.
पाचवा, सहावा, सातवा, जलूद ते बडवाहचा नावघाट खेडी, तीन दिवसांत मिळून ४० ते ४५ किमी.

एकूण ७१ ते ७९ किलोमीटर होतात. रोज १५ हा आकडा कमी वाटेल, पण काठाने ताशी पाच चालता येत नाही, तीन-साडेतीन धरा. नकाशावर मोजलेल्या अंतरात किमान पाव भाग वाढवा. कारण नाले. उत्तरेकडून येणारा प्रत्येक नाला नर्मदेला मिळतो तिथे खोल आणि गाळाचा असतो. तिथे उडी मारायच्या भानगडीत न पडता नाल्याच्या काठाने तीनशे-पाचशे मीटर आत जायचं, बैलगाडीचा किंवा ट्रॅक्टरचा उतार मिळतो, तिथून ओलांडून पुन्हा काठाला यायचं. दिवसात असे चार-पाच वळसे सहज होतात. वाट विचारताना 'महेश्वर किधर' असं न विचारता 'मैया किनारे से रास्ता है, कि ऊपर से?' असं विचारा. शेतकरी नेमकं सांगतो. तो 'ऊपर से' म्हणाला तर हट्ट करू नका, पुढे दरड कोसळलेली असते किंवा शेताला काटेरी कुंपण पडलेलं असतं.

जलूदजवळ महेश्वर जलविद्युत प्रकल्पाची भिंत लागते. तिथे किनारा सोडून गावच्या रस्त्याने पुढे जायचं. इंदूर शहराचं पिण्याचं पाणीही याच जलूदहून उपसून, सुमारे ७० किलोमीटर लांब, घाट चढवून नेलेलं आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. वरच्या अंगाला ओंकारेश्वर (५२० मेगावॉट) आणि त्याच्याही वर इंदिरा सागर (१००० मेगावॉट) ही धरणं आहेत. विजेची मागणी वाढली की टर्बाइनमधून पाणी सुटतं आणि निरभ्र आकाशाखाली, पाऊस नसताना, खालची पातळी वाढते. ७ एप्रिल २००५ ला देवास जिल्ह्यात धाराजीला अमावास्येच्या मेळ्यात वरून सुटलेल्या पाण्यात पन्नासहून अधिक भाविक वाहून गेले, ते असंच. म्हणून नदीपात्रातल्या वाळूवर किंवा कातळावर आसन लावायचं नाही, दुपारची डुलकीसुद्धा नाही. कातळावर ओली रेघ दिसते तिच्या वर बसा. भोंगा ऐकू आला तर सामान आवरत न बसता आधी वर चढा. सहस्रधारेत तर पाण्यात उतरूच नका. कातळ शेवाळलेले असतात आणि दोन धारांमधलं पाणी दिसतं त्यापेक्षा खूप जोरात ओढतं. आंघोळ बांधलेल्या घाटावर, साखळी धरून, लोट्याने. घाट नसेल तिथे गावकऱ्यांना मगरीबद्दल विचारल्याशिवाय पाण्याजवळ बसू नये.

वाटेत कुणाला त्रास झाला तर घाबरायचं कारण नाही. धामनोद-महेश्वर-मंडलेश्वर-बडवाह हा डांबरी रस्ता नदीला बऱ्यापैकी समांतर जातो, त्यावर बस असतात. काठावरून उत्तरेकडे गावच्या रस्त्याने निघालात की तिथे पोचता. मंडलेश्वर आणि बडवाह दोन्हीकडे सरकारी रुग्णालय आहे.

---

पाचपाखाडीकर

दादा, खूप आभार. तटाचा मुद्दा लक्षातच आला नव्हता, नकाशावर शहर नदीला चिकटलेलं दिसलं एवढंच पाहिलं. मग खलघाट ते बडवाह नक्की.

बायकोचे दोन प्रश्न : काठाने चालताना बायकांची सोय कशी होते? आणि तिला बूट घातले की दहा किलोमीटरनंतर टाचेला हमखास फोड येतो, त्यावर काय करावं?

---

सीवूड्सची_पायवाट

वहिनींसाठी लिहिते, पण पायांचं सगळ्यांनीच वाचा. असल्या चालण्यात लोक दमून परत फिरत नाहीत, फोडांमुळे फिरतात.

फोड येतो तो घर्षण, ओल आणि उष्णता एकत्र आल्यावर. जानेवारीत या पट्ट्यात सकाळी गव्हाच्या शेतांवर एवढं दव असतं की बांधावरून अर्धा तास चाललात तरी कापडी बूट आतपर्यंत भिजतो. शिवाय पंपाला वीज रात्री मिळते, त्यामुळे रात्रभर पाणी सोडलेली शेतं सकाळी चिखलात असतात. तिथली काळी माती तळव्याला थरावर थर चढते, वीस पावलांत बूट दुप्पट जड होतो. म्हणून पहिले दोन तास मागे पट्टा असलेली सँडल घालून मोज्यांशिवाय चालायचं. दव वाळलं की, साधारण साडेनऊला, पाय पुसून, पाच मिनिटं उन्हात धरून, मग कोरडे मोजे आणि बूट. माती चढली तर काठीच्या टोकाने लगेच खरवडा, पुढच्या गावापर्यंत तशीच ओढू नका.

बूट नेहमीच्या मापापेक्षा अर्धा नंबर मोठा, कारण दुपारपर्यंत पाय सुजतो. खरेदी संध्याकाळी करा आणि जे मोजे घालणार तेच घालून मापा. नवा बूट किमान शंभर किलोमीटर चालून झाल्याशिवाय न्यायचा नाही. सुती मोजे घाम धरून ठेवतात, ते घरीच. लोकर-मिश्र किंवा सिंथेटिक तीन जोड पुरतात. एक पायात, एक बॅगेवर वाळत, एक फक्त झोपताना. टाचेला फोड येणाऱ्यांची बहुतेक वेळा टाच बुटात वर-खाली होते. त्यासाठी नाडीची पद्धत बदला. घोट्याजवळची सगळ्यात वरची दोन भोकं असतात, त्यातून त्याच बाजूला छोटा फास करायचा, समोरची नाडी त्या फासातून ओढायची आणि मग गाठ. टाच जागची हलत नाही.

सकाळी निघण्यापूर्वी टाच, करंगळीची बाहेरची बाजू आणि अंगठ्याखालचा उंचवटा, एवढ्या जागी चिकटपट्टी लावायची. कागदी पट्टी घामाने तासाभरात गोळा होते आणि तिचाच फोड येतो, केमिस्टकडे झिंक ऑक्साइडची कापडी पट्टी मागा, पाच सेंटीमीटर रुंद. तिचे कोपरे कात्रीने गोल कापा, चौकोनी कोपरा मोज्यात अडकून उचलला जातो. चालताना एखाद्या जागी नुसतं गरम लागायला लागलं तरी थांबायचं. 'पुढच्या गावात बघू' म्हणेपर्यंत फोड तयार होतो. झालाच तर कातडी काढू नका. सुई बेटाडीनने पुसून कडेला दोन भोकं, पाणी दाबून बाहेर, वर जाळीचा तुकडा आणि पट्टी. नखं निघण्याच्या चार दिवस आधी सरळ कापा, आदल्या दिवशी नको.

सोयीबद्दल. आश्रमात आणि बहुतेक गावांत शौचालय मिळतं, पहाटे आश्रम सोडायच्या आधी आटोपून निघायचं. दिवसा काठाला शेतं मोकळी असतात, पण तुरीचा किंवा कपाशीचा आडोसा बऱ्याच ठिकाणी मिळतो. नदीपासून आणि नाल्यापासून निदान शंभर पावलं आत. एक छोटं खुरपं, कागदी साबण आणि बंद झिपची पिशवी. वापरलेले पॅड त्या पिशवीतच ठेवायचे आणि महेश्वरला किंवा मंडलेश्वरला कचरापेटीत टाकायचे, काठावर पुरायचेही नाहीत. सलवार किंवा ट्रॅक पँट आणि गुडघ्याएवढा कुर्ता, हा तिथे सगळ्यात निवांत वेष आहे. साडीचा काठ दवाने जड होतो आणि गोखरूचे काटे गोळा करतो.

सराव. पाम बीच रोडवर वाशी ते बेलापूर चालणं चांगलं आहे, पण तो सपाट आणि टणक. त्याने दम वाढतो, घोटे तयार होत नाहीत. आठवड्यातून दोनदा पाम बीच किंवा तुमच्याकडे तलावपाळी-उपवन, आणि एकदा उंच-सखल. पारसिक हिल, खारघरची टेकडी किंवा येऊरकडचा चढ. सहा आठवडे पुरतात. पहिल्या आठवड्यात पाच-सहा किमी रिकाम्या पाठीने, चौथ्यापासून चार किलो भरून, पाचव्यात लागोपाठ दोन दिवस १५-१५ किमी पूर्ण वजनासह. हा लागोपाठचा दुसरा दिवस चुकवू नका. पहिल्या दिवशी सगळेच चालतात, दुखरे पाय घेऊन दुसऱ्या सकाळी निघता येतं की नाही ते तेव्हाच कळतं. शेवटच्या आठवड्यात फक्त हलकं चालणं.

---

चरईकर_काका

नियमांचं सांगतो, पाचपाखाडीकर.

नर्मदा अमरकंटकला उगम पावून १३१२ किलोमीटर वाहत खंभातच्या आखाताला मिळते. दोन्ही तट मिळून परिक्रमा साधारण २६०० किलोमीटरची, शास्त्राप्रमाणे तीन वर्षं, तीन महिने, तेरा दिवसांची. चातुर्मासात चालत नाहीत, म्हणून देवउठनी एकादशी झाली की निघतात आणि थंडीत वाटेवर वर्दळ असते. तुम्ही जानेवारीत जाल तेव्हा पांढऱ्या कपड्यातले, पाठीला पडशी, हातात दंड असलेले लोक तुम्हाला रोज भेटतील. त्यांच्या वाटेवर आपण पाहुणे आहोत एवढं ध्यानात ठेवलं की निम्मे नियम आपोआप पाळले जातात.

एवढाच तुकडा चालायचा तर दोन प्रकार आहेत. संकल्प करून चालायचं असेल तर ती खंड परिक्रमा. जिथे थांबाल तिथूनच पुढच्या खेपेला सुरुवात, आणि चालत असेपर्यंत पात्र ओलांडायचं नाही. महेश्वरला नदीच्या मध्यावर बाणेश्वराचं मंदिर आहे, तिथे नाव नेते, त्या नावेत बसायचं नाही. कुप्पीत मैयाचं जल घेऊन ती रोज पुजायची. संकल्प न करता नुसतं चालणार असाल तर ही बंधनं नाहीत, पण मग आश्रमात स्वतःला परिक्रमावासी म्हणवू नका. 'हम खलघाट से बडवाह तक पैदल जा रहे हैं' असं सरळ सांगा. जागा मिळतेच, आणि खरं सांगितल्याचा आदर वेगळा असतो.

आश्रमात गेल्यावर 'नर्मदे हर' म्हणायचं. ते विचारतील, 'कितनी मूर्ती?' मूर्ती म्हणजे माणसं. 'तीन मूर्ती' एवढं उत्तर. आसन कुठे लावायचं ते दाखवतील, स्वतःहून ओटा धरून बसू नये. आधार कार्डाची नोंद बऱ्याच ठिकाणी घेतात, प्रत्येकी पाच-सहा झेरॉक्स प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. सकाळचा चहा-नाश्ता म्हणजे बालभोग. दुपारी-रात्री शिजवलेलं मिळतं किंवा सदाव्रत, म्हणजे पीठ, डाळ, तांदूळ, मीठ-मिरची हातात देतात आणि आपण करून घ्यायचं. चूल आणि लाकूड तिथे असतं, स्टोव्ह नेऊ नका, त्यात बसमध्ये गॅसचं सिलिंडर न्यायलाही बंदी आहे. पोचायची वेळ मात्र सांभाळा. चारपर्यंत पोचलात तर स्वयंपाकाच्या आधी तुमची संख्या धरली जाते. अंधार पडल्यावर तीन माणसं दारात उभी राहिली की कुणाला तरी पुन्हा चूल पेटवावी लागते.

पैसे कुणी मागत नाही. निघताना दानपेटीत किमान तेवढं टाका जेवढं त्या जेवणाला आणि निवाऱ्याला इथे ठाण्यात लागलं असतं. दहा, वीस, पन्नासच्या नोटा घ्या. फोनवरून पैसे देणं दुकानांत चालतं, पण काठाला नेटवर्क जातं-येतं. परिक्रमावासींसाठी न्यायचंच असेल तर बिस्किटांचे पुडे नकोत, त्यांची वेष्टणं काठाला पडतात. खडीसाखर, शेंगदाणे, सुया-दोरा, चिकटपट्टी, हे उपयोगी पडतं. साबण-शाम्पू नदीत लावायचा नाही, बादलीत पाणी काढून लांब.

आणि एक. मंडलेश्वर ते बडवाह चालताना दक्षिण तटावर रावेरखेडी आहे. थोरल्या बाजीरावांचा मृत्यू तिथे २८ एप्रिल १७४० ला झाला, समाधी तिथेच आहे. मराठी माणसाने या भागात येऊन ती न पाहता जाऊ नये असं मला मनापासून वाटतं. पण ती दक्षिणेला, त्यामुळे मध्ये ओलांडायचं नाही. सातव्या दिवशी बडवाहला चालणं संपवून, पुलावरून मोरटक्क्याला गेल्यावर सनावदमार्गे गाडी करून जा.

---

मैयाकिनारी_कोपरी

काकांशी सहमत. दोन गोष्टी जोडतो.

तारखा पाहताना नर्मदा जयंती बघा. माघ शुद्ध सप्तमी, म्हणजे आपली रथसप्तमी. त्या दिवशी घाटांवर दीपदान असतं, फार सुंदर, पण आदल्या दिवसापासून महेश्वर-मंडलेश्वर-ओंकारेश्वरला जागा मिळत नाही. नाताळ ते एक जानेवारी, संक्रांत, २६ जानेवारीला जोडून येणारी सुट्टी, या दिवसांत तोच प्रकार. बाकी जानेवारी मोकळा.

थंडी : पहाटे साधारण ८ ते १२ अंश, लाट आली तर आणखी खाली, दुपारी २६-२८. नदीकाठी ओल असल्यामुळे पहाटेचे आकडे असतात त्याहून जास्त बोचतात. त्यावर बॅगेचा हिशोब : ३५-४० लिटरची बॅग सव्वा किलो, दहा अंशांना पुरणारी स्लीपिंग बॅग एक किलो, फोमची चटई ३०० ग्रॅम, कपडे दीड किलो, ताट-वाटी-लोटा ४०० ग्रॅम, औषधं आणि पायांचं सामान ३००, टॉर्च-पॉवरबँक-चार्जर ५००, दीड लिटर पाणी, किरकोळ अर्धा किलो. सात-सव्वासात किलो झालं. साठ किलोच्या माणसाला हे वरचं टोक आहे. जॅकेट जाड एक नेण्यापेक्षा पातळ लोकरी स्वेटर आणि वर वारा अडवणारं साधं विंडचीटर घ्या. साडेनऊला स्वेटर काढावाच लागतो आणि जाड जॅकेट बॅगेत मावत नाही. कानटोपी विसरू नका. आणि पुढे झडप असलेली टोपी, कारण पूर्वेकडे चालताना दहापर्यंत ऊन थेट डोळ्यांत असतं आणि खालचा पंपाचा पाइप दिसत नाही. काठाच्या प्रत्येक शेतातून दोन-तीन पाइप आणि वायरी नदीत उतरलेल्या असतात, घोट्याच्या उंचीवर. वायर जोडाला उघडी असू शकते, तिच्यावर पाय देऊ नका, ओलांडून जा. काठी बांबूची, छातीएवढी. कुत्री, चिखलाची खोली आणि उतार, तिन्हीला लागते.

---

वाघबीळ_हातमाग

महेश्वरच्या दीड दिवसाबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून.

पोचल्याबरोबर आधी मुक्काम घ्या, कपडे धुऊन वाळत घाला आणि पाय तपासा. त्या संध्याकाळी फक्त घाट. अहिल्या घाटाच्या पायऱ्या उतरताना किल्ल्याच्या भिंतीवरची आणि मंदिरांवरची कोरीव नक्षी नीट बघून ठेवा, दुसऱ्या दिवशी तीच तुम्हाला साडीच्या काठावर दिसेल. चटाई, लहर, वीट अशी त्या काठांची नावंच आहेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी राजवाडा. अहिल्याबाईंची गादी साधी, बैठी आहे, पाहून माणूस थांबतो. १७६७ पासून १७९५ पर्यंत त्यांनी माळव्याचा कारभार इथून पाहिला, हुकमावर स्वतःचं नाव न घालता 'श्री शंकर आज्ञेवरून' लिहीत. राजराजेश्वर मंदिरात तुपाचे अकरा नंदादीप अखंड तेवत असतात, तिथे जरूर जा. मग हातमाग. विणकरांची संस्था रेहवा सोसायटी किल्ल्याच्या परिसरातच, शिवाय गावात घरोघरी माग आहेत. खटखट ऐकू आली की दारातून विचारा, बघू देतात.

साडी घेणार असाल तर ओळखायचं कसं : कापड उन्हात धरा. किनारीच्या अगदी कडेला टाचणीने टोचल्यासारख्या बारीक भोकांची ओळ दिसली पाहिजे. मागावर कापड आडवं ताणून धरायच्या काठीला दोन्ही टोकांना खिळे असतात, त्यांच्या त्या खुणा. यंत्रमागाच्या मालाला अशी ओळ सहसा नसते. पोत अगदी एकसारखा, कुठेही सूत किंचित जाड-बारीक नाही, तरी संशय घ्या. महेश्वरीचा बुगडी काठ दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो आणि साडी उलटसुलट नेसता येते, तोही पालटून बघा. सुती की रेशीम-सुती ते विचारा, आडवा आणि उभा धागा कशाचा हे विणकर लगेच सांगतो. दुकानदार टाळाटाळ करत असेल तर पुढचं दुकान.

आणि साडी पाठीवर घेऊन पुढचे चार दिवस चालू नका. महेश्वरच्या टपाल कार्यालयातून ठाण्याच्या पत्त्यावर स्पीड पोस्ट करा. त्याच पार्सलमध्ये पहिल्या दोन दिवसांत न लागलेले कपडेही घाला, एक-दीड किलो निघतोच. फक्त महेश्वरचा पूर्ण दिवस रविवारी येणार नाही असं वेळापत्रक लावा, त्या दिवशी टपाल बंद.

---

पाचपाखाडीकर

सगळ्यांना मनापासून नमस्कार. छापून घेतलंय. शेवटचे दोन प्रश्न : बस पहाटे खलघाटला सोडेल तेव्हा अंधार असेल, तेव्हा काय करायचं? आणि बडवाहहून परत कसं यायचं? संकल्प न करता जायचं ठरवलंय, म्हणजे ओंकारेश्वर जोडता येईल ना?

---

मैयाकिनारी_कोपरी

तिकीट इंदूरचंच काढावं लागतं, उतरणार खलघाटला हे चढतानाच चालक आणि क्लीनर दोघांनाही सांगा. नेमका शब्द 'नर्मदा पुल पार करके, खलघाट'. नुसतं 'नर्मदा पूल' म्हणालात तर अलीकडे, खलटाक्याच्या बाजूला, म्हणजे दक्षिण तटावर उतरवतील. बॅगा डिकीत न देता वर घ्या, डिकी उघडायला नको म्हणून पुढच्या ढाब्यापर्यंत नेतात. गजर साडेतीनचा लावा आणि सेंधवा गेलं की नकाशावर नजर ठेवा. ठाण्याहून संध्याकाळी सहा-सातला निघालेली बस पहाटे चार-पाचला पोचते. सूर्योदय जानेवारीत सातच्या सुमाराला. मधले दोन तास हायवेवरच्या उजेडातल्या ढाब्यावर बसून काढा, घाटाकडे अंधारात उतरू नका. रात्री नऊनंतरची बस मिळाली तर उत्तम, ती साधारण उजाडताना पोचते.

परतीला : नावघाट खेडीला चालणं संपलं की बडवाहहून गाडीने पूल ओलांडून मोरटक्का, तिथून ओंकारेश्वर १२ किलोमीटर. संकल्प नाही म्हणजे मांधाता बेटावर जाऊन ओंकारेश्वराचं दर्शन घ्यायला अडचण नाही, दक्षिण तटावर ममलेश्वराचं मंदिरही करा. बडवाहच्या पूर्वेला चोरल नदी आणि पुढे जंगल आहे, तो टप्पा वाटाड्याशिवाय पायी जोडू नका. रावेरखेडी त्याच दुपारी आणि मुक्काम ओंकारेश्वरला. दुसऱ्या दिवशी बसने खंडवा, सुमारे ७० किमी, दोन-अडीच तास धरा. खंडव्याहून कल्याणमार्गे येणाऱ्या भरपूर गाड्या आहेत, पंजाब मेल त्यातलीच. इंदूरहून अवंतिका एक्सप्रेस घेतलीत तर ती बोरिवलीला सोडते, मग पहाटे घोडबंदर रोडने घरी यावं लागतं. खंडव्याचं आरक्षण आजच बघा, जानेवारीतल्या रविवारचं आधी संपतं.

---

सीवूड्सची_पायवाट

वहिनींना सांगा, महेश्वरला पोचाल त्या दुपारी पाय कोमट पाण्यात फार वेळ बुडवून बसू नका. दहा मिनिटं पुरे. कातडी मऊ पडली की चौथ्या दिवशी सकाळी नवे फोड येतात. धुवा, पुसा, बोटांच्या मधली जागा कोरडी करा आणि ते दीड दिवस सँडलवरच राहा.